पुणे परिसरातील खडक व खनिजे जमवणाऱ्या आमच्या मंडळाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंडळ नेमके काय काम करते?

पुणे आणि आसपासच्या जिल्ह्यांतील खडक व खनिजे ओळखणे, मालकाच्या परवानगीने त्यांचे नमुने मिळवणे, ते नीट सांभाळणे आणि प्रत्येक नमुन्याची नोंद ठेवणे हे आमचे काम आहे. त्यासाठी मासिक बैठक, क्षेत्रसहली, नमुने ओळखण्याचे वर्ग, सदस्यांमधील देवाणघेवाण आणि वर्षातून एक प्रदर्शन असे उपक्रम आम्ही चालवतो. यांपैकी सहली सर्वांना आवडतात आणि नोंदी ठेवण्याचा अनेकांना कंटाळा येतो. तरीही आम्ही नोंदींनाच पहिले स्थान देतो.

याचे कारण आपल्या भागातील परिस्थितीत आहे. महाराष्ट्रातील बहुतेक उत्तम खनिजे दगडखाणींत मिळतात, आणि दगडखाण ही खडीसाठी असते. सुरुंगाने फुटलेला दगड डंपरमध्ये भरला जातो, क्रशरमध्ये जातो आणि काही दिवसांत रस्त्याच्या किंवा इमारतीच्या पायात पडतो. त्यातील स्फटिकांनी भरलेली पोकळी कोणी पाहिली नाही, तर ती होती हे सांगणारा कोणताही पुरावा उरत नाही. पुण्याच्या पाषाण भागातील खाणींतून निघालेला हिरवा ॲपोफिलाइट (काचेसारखे चमकणारे एक खनिज) आज जगभरच्या संग्रहालयांत मानाने ठेवलेला आहे; त्या टेकड्यांभोवती मात्र आता वस्ती आहे आणि तेथे नव्याने काही मिळण्याची आशा नाही. मुंबईत मालाड आणि कांदिवली येथील ज्या खाणी प्रेहनाइट या खनिजासाठी प्रसिद्ध होत्या, त्यांचीही हीच कथा आहे. म्हणून आज चालू असलेल्या खाणीत काय दिसते ते आजच टिपून ठेवावे, असा आमचा आग्रह असतो.

सदस्य होण्यासाठी भूविज्ञानाचे शिक्षण लागते का?

लागत नाही. शिक्षक, अभियंते, गृहिणी, निवृत्त कर्मचारी, शेतकरी आणि विद्यार्थी असे सर्व प्रकारचे लोक मंडळात आहेत. कुतूहल आणि लिहून ठेवण्याची तयारी एवढी शिदोरी पुरेशी आहे.

महाराष्ट्रात इतकी सुंदर खनिजे का मिळतात?

आपल्या पायाखालचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून बाहेर आलेल्या लाव्ह्याचा बनलेला आहे. एकावर एक पसरलेल्या या लाव्ह्याच्या थरांनी आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापले असून सह्याद्रीच्या काही भागांत त्यांची एकत्रित जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. घाटातून जाताना डोंगराला ज्या पायऱ्या दिसतात, त्या याच थरांच्या आहेत.

लाव्हा थंड होत असताना त्यातील वायू वर सुटू पाहतो आणि काही वायू बुडबुड्यांच्या रूपाने आत अडकतो. थराच्या वरच्या भागात असे बुडबुडे जास्त असतात. कधी ते एकमेकांत मिसळून मोठ्या पोकळ्या होतात, इतक्या मोठ्या की काही पोकळ्यांत माणूस वाकून शिरू शकतो. पुढे दीर्घकाळ खडकातून उष्ण पाणी झिरपत राहते, खडकातील कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम आणि सिलिका विरघळवून घेते आणि पोकळीत आल्यावर तापमान व रासायनिक स्थिती बदलली की ते द्रव्य स्फटिकांच्या रूपाने भिंतीवर बसू लागते. बहुधा आधी हिरवट मातीसारखा पातळ लेप येतो, मग कॅल्सेडोनी किंवा गारगोटी, त्यानंतर झिओलाइट गटातील (म्हणजे रचनेत पाणी धरून ठेवणारी, ॲल्युमिनियम व सिलिका असलेली) खनिजे, आणि त्यांच्यावर कॅल्साइट किंवा ॲपोफिलाइट. हा क्रम प्रत्येक ठिकाणी सारखा नसतो. कोणते खनिज कोणावर बसले आहे हे पाहून पोकळी कशी भरत गेली याचा अंदाज बांधणे ही या छंदातील सर्वांत आनंदाची गोष्ट आहे, असे माझे मत आहे. नमुना फोडून एकच स्फटिक सुटा काढणारे हा आनंद गमावतात.

विहीर खणणारे लोक ज्याला मांजऱ्या म्हणतात, तो ठिपक्याठिपक्यांचा, तुलनेने मऊ खडक याच भरलेल्या बुडबुड्यांचा असतो. त्यामुळे खनिज शोधायला दूर जावे लागते असे नाही. गावातील विहिरीच्या काठावर पडलेला दगडांचा ढीगही पुष्कळ शिकवतो.

येथे साधारणपणे कोणती खनिजे दिसतात आणि ती घरी कशी ओळखावीत?

नवीन सदस्यांनी आधी पाच खनिजे पक्की करावीत : क्वार्ट्झ (गारगोटी), कॅल्साइट, ॲपोफिलाइट, स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइट. पुणे, नाशिक, जळगाव आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांत समोर येणारे बहुतेक नमुने या पाचांत बसतात.

पहिली तीन खनिजे पारदर्शक असली की हमखास गोंधळ होतो, म्हणून त्यांच्याविषयी थोडे सविस्तर सांगतो. क्वार्ट्झची काठिण्यता, म्हणजे ओरखड्याला होणारा विरोध, मोह्सच्या १ ते १० च्या मापपट्टीवर ७ आहे, त्यामुळे तो काचेवर स्पष्ट ओरखडा काढतो आणि चाकूने त्याच्यावर ओरखडा उठत नाही. त्याच्या स्फटिकाला सहा बाजू असतात आणि बाजूंवर आडव्या बारीक रेषा दिसतात. ॲपोफिलाइटची काठिण्यता ४.५ ते ५ असते. त्याचा आडवा छेद चौकोनी असतो, बाजूंवरील रेषा उभ्या असतात आणि टोकाचा सपाट पृष्ठभाग प्रकाशात तिरका धरला तर मोत्यासारखी झाक दिसते; बाजूचे पृष्ठभाग मात्र काचेसारखे चमकतात. एकाच स्फटिकावरील ही दोन प्रकारची चमक एकदा नीट पाहिली की ॲपोफिलाइट ओळखण्यात सहसा चूक होत नाही. कॅल्साइटची काठिण्यता ३ असल्याने तांब्याच्या नाण्यानेही त्यावर ओरखडा उठतो. तो फुटला की तिरप्या चौकोनी तुकड्यांत फुटतो आणि त्याचा चुरा करून त्यावर व्हिनेगर टाकले तर बारीक बुडबुडे येतात. या परीक्षा नेहमी तुटक्या, टाकाऊ तुकड्यावर कराव्यात.

स्टिल्बाइट बहुधा पांढरा, पिवळसर किंवा फिकट गुलाबी असतो आणि त्याचे स्फटिक मधोमध बांधलेल्या व दोन्ही टोकांना उलगडलेल्या धान्याच्या पेंढीसारखे दिसतात. ह्यूलँडाइटचे स्फटिक जाड, पसरट आणि मध्ये रुंद असतात, आणि त्यांच्या एका पृष्ठभागावर ठळक मोतिया चमक असते. स्कोलेसाइट आणि मेसोलाइट सुयांच्या झुबक्यांत येतात. त्यांतील फरक नुसत्या डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही, तेव्हा चिठ्ठीवर "स्कोलेसाइट किंवा मेसोलाइट" असे लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते.

एक गोष्ट वारंवार सांगावी लागते : ॲपोफिलाइट, ओकेनाइट, गायरोलाइट आणि प्रेहनाइट ही खनिजे झिओलाइटांच्या सोबत सापडत असली, तरी ती झिओलाइट गटातील नाहीत.

वाघोलीचा निळा कॅव्हनसाइट सहलीत सापडेल का?

हा प्रश्न प्रत्येक नवीन सदस्य विचारतो आणि ते स्वाभाविक आहे. कॅव्हनसाइट हे कॅल्शियम व व्हॅनेडियम असलेले सिलिकेट आहे. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात मिळालेल्या नमुन्यांवरून १९७३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. परंतु तेथील स्फटिक अत्यंत लहान होते. १९८८ च्या सुमारास पुण्याजवळील वाघोलीच्या दगडखाणींत गडद निळ्या स्फटिकांचे गोल झुबके पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले मिळू लागले आणि हे खनिज जगभरच्या संग्राहकांना माहीत झाले. त्याच खाणींत पेंटॅगोनाइटही मिळाला. दोघांतील मूलद्रव्ये व त्यांचे प्रमाण एकच आहे, अणूंची मांडणी वेगळी आहे. पेंटॅगोनाइटचे स्फटिक अधिक लांब व टोकदार असतात आणि तो कॅव्हनसाइटपेक्षा पुष्कळ दुर्मीळ आहे.

वाघोलीच्या खाणींत सर्वसाधारण सहल नेणे शक्य नाही, आणि कॅव्हनसाइट संपूर्ण खाणीत नव्हे, तर खडकाच्या काही विशिष्ट, तुटक्या व बदललेल्या पट्ट्यांतच येतो. त्यामुळे उत्तर बहुधा नकारार्थी आहे. मंडळाच्या संग्रहातील नमुने बैठकीत भिंगाखाली पाहता येतात.

मासिक बैठकीत काय होते?

सुरुवातीला एका विषयावर सुमारे अर्ध्या तासाचे व्याख्यान होते. त्यानंतर मोठ्या टेबलावर सदस्यांनी आणलेले नमुने मांडले जातात आणि प्रत्येक जण आपला नमुना कोठून, कसा मिळाला ते सांगतो. अनोळखी नमुने वेगळ्या टेबलावर ठेवले जातात व तेथे अनुभवी सदस्य भिंग, चाकू, काचेची पट्टी आणि चुंबक घेऊन बसतात. शेवटी देवाणघेवाण होते. बैठकीत खरेदी-विक्रीला परवानगी नाही. पैशांचा व्यवहार आला की मिळाल्याचे ठिकाण लपवण्याचा मोह होतो, आणि ठिकाण उघडपणे सांगणे हा या मंडळाचा पाया आहे.

सहली कोठे आणि केव्हा जातात?

जून ते सप्टेंबर या काळात खाणींच्या सहली बंद असतात. खाणींत पाणी साचते, दरडी सैल होतात आणि निसरड्या दगडांवर अपघात होतात. सहलींचा खरा हंगाम नोव्हेंबर ते मार्च असा आहे. एप्रिल आणि मे महिन्यांत काळा पाषाण इतका तापतो की भर दुपारी खाणीत थांबणे आरोग्याला धोक्याचे ठरते. त्या काळातील सहली पहाटे निघून सकाळीच संपतात.

सहली दोन प्रकारच्या असतात. नमुने गोळा करण्याच्या सहली केवळ लेखी परवानगी मिळालेल्या खाणींत जातात. निरीक्षणाच्या सहलींत काहीही उचलले जात नाही : कुकडी नदीच्या पात्रातील निघोजचे रांजणखळगे, लोणारचे विवर, मुंबईत अंधेरी येथील गिल्बर्ट टेकडीचे उभे बेसाल्टचे खांब आणि घाटमाथ्यावरील लाव्ह्याचे थर ही त्यांची ठिकाणे आहेत. सिन्नर येथील गारगोटी संग्रहालयालाही आम्ही भेट देतो. महाराष्ट्रातील झिओलाइटांचे मोठे आणि निर्दोष नमुने एकाच छताखाली पाहायचे असतील, तर नवीन सदस्याने आधी तेथे जावे आणि मग हातोडी विकत घ्यावी.

सहलीला येताना काय आणावे?

शिरस्त्राण, डोळ्यांना गॉगल, पुढचा भाग कडक असलेले बूट, जाड हातमोजे, दोन लिटर पाणी, वर्तमानपत्राचे कागद, पुठ्ठ्याचे खोके, वही आणि पेन्सिल आणावी. हातोडी भूवैज्ञानिकांची असावी. घरातली खिळे ठोकण्याची हातोडी बेसाल्टवर मारली तर तिच्या पोलादाचा तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. दहापट मोठे दाखवणारे भिंग ही एकच गोष्ट थोडे अधिक पैसे देऊन चांगली घ्यावी.

खाणीत कोणते धोके असतात?

कड्याच्या पायथ्याशी उभे राहू नये. सुरुंग उडवल्यानंतर कडा अनेक दिवस सैल असतो आणि वरून दगड सुटतो. एकमेकांच्या वर-खाली उभे राहून काम करू नये. न फुटलेला सुरुंग, वायर किंवा स्फोटकाचा तुकडा दिसला तर हात न लावता ताबडतोब खाणीच्या मुकादमाला सांगावे.

दगड उलटताना तो नेहमी पलीकडच्या बाजूने उचलून आपल्याकडे कलता करावा, म्हणजे त्याखाली फुरसे किंवा विंचू असल्यास आपल्यात आणि त्याच्यात दगड राहतो. ही सवय सुरुवातीलाच लागली पाहिजे. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर त्या भागात जाऊ नये, धूर करू नये आणि सहलीच्या दिवशी अत्तर लावू नये.

तंतुमय खनिजांच्या धुळीबद्दल विशेष काळजी घ्यावी. झिओलाइट गटातील एरिओनाइट या तंतुमय खनिजाची धूळ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होतो, हे तुर्कस्तानातील कॅपाडोशिया भागातील काही गावांच्या अभ्यासातून सिद्ध झाले आहे. डोळ्यांनी पाहून एक पांढरा तंतू दुसऱ्यापासून ओळखता येत नाही, म्हणून कोणताही तंतुमय नमुना कोरडा घासू नये, कापू नये किंवा फुंकर मारून साफ करू नये. तो फोडणे भाग असेल तर आधी ओला करावा आणि चांगला मुखपट्टा लावावा.

दगड गोळा करण्यासाठी परवानगी कशाला हवी? दगड तर सगळीकडेच पडलेले असतात.

जमीन कोणाच्या तरी मालकीची असते, आणि बांधकामाचा दगड कायद्याने गौण खनिजांत मोडतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आणि गौण खनिजांविषयीचे २०१३ चे राज्याचे नियम यांनुसार विनापरवाना उत्खननाला दंड होतो. हातात मावणारा एक दगड आणि उत्खनन यांत फरक आहे हे खरे. तरीही खाणपट्ट्यात मालकाला न विचारता शिरणे हा आगाऊपणाच आहे आणि त्याचे परिणाम आपल्या मागून येणाऱ्या प्रत्येक संग्राहकाला भोगावे लागतात. एकदा विश्वास तुटला की खाणमालक फाटक बंद करतो आणि ते पुन्हा उघडत नाही.

मंडळ सहलीच्या आधी खाणमालकाकडून लेखी परवानगी घेते, येणाऱ्यांची यादी देते आणि काम बंद असलेला दिवस निवडते. खाणीत काम करणाऱ्या माणसांशी आदराने वागावे, त्यांना "दादा", "मामा" अशी हाक मारावी, आणि त्यांनी दाखवलेल्या नमुन्यासाठी घासाघीस करू नये. पोकळी कोठे लागली, कोणत्या थरात लागली, आत पाणी होते की ती कोरडी होती, हे त्यांच्याइतके नेमकेपणाने दुसरे कोणीही सांगू शकत नाही. आमच्या नोंदवहीतील सर्वांत मोलाची माहिती त्यांच्याकडूनच आलेली आहे.

किल्ले, लेणी, लोणार किंवा अभयारण्य येथून एखादा छोटा तुकडा आणला तर चालेल का?

चालणार नाही. संरक्षित स्मारके १९५८ च्या प्राचीन स्मारकांविषयीच्या कायद्याखाली येतात. काही लेण्यांच्या भिंतींत झिओलाइटांचे पांढरे ठिपके आणि छोट्या पोकळ्या दिसतात. त्या डोळ्यांनी पाहाव्यात, छायाचित्र घ्यावे, बोटही लावू नये. लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर उल्केच्या आघाताने बेसाल्टमध्ये तयार झाले असून ते अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर पाणथळही (रामसर कराराखालील आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे पाणथळ क्षेत्र) आहे. तेथून खडा आणणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व रद्द होते. दगडी हत्यारे आणि जीवाश्म दिसल्यास ते आहेत तेथेच ठेवून ठिकाणाची नोंद करावी व पुरातत्त्व किंवा भूविज्ञान विभागाला कळवावे.

रेल्वेमार्ग आणि घाटरस्त्यांच्या कडेला थांबण्यास आम्ही मनाई करतो. बोरघाटात एकोणिसाव्या शतकात रेल्वेमार्गासाठी डोंगर फोडताना निघालेले ॲपोफिलाइट आणि स्टिल्बाइट युरोपातील संग्रहालयांत पोहोचले, हा इतिहास अभिमानाने सांगावा. आज त्या मार्गावर हातोडी घेऊन उभे राहणे जिवावरचे आहे.

आमच्या शेतात विहीर खणताना स्फटिक निघाले. काय करावे?

सर्वप्रथम त्या जागेचे काम शक्य असल्यास काही तास थांबवावे. राहुरीजवळील मोमीन आखाडा येथील सुप्रसिद्ध हिरवा ॲपोफिलाइट विहिरीतूनच मिळाला होता, त्यामुळे आपल्या विहिरीतील पोकळीही महत्त्वाची असू शकते. विहिरीत न उतरता आधी वरून छायाचित्रे घ्यावीत. जमिनीपासून किती फुटांवर पोकळी लागली, तिच्यावर व खाली कोणता खडक आहे, मुरूम कोठे संपला, लाल गेरूचा थर लागला का, एवढे लिहून ठेवावे. पोकळीतील नमुने पहारीने उपटू नयेत. भोवतालचा दगड लांबून सुटा करावा, म्हणजे स्फटिक आपल्या खालच्या दगडासह निघतात. प्रत्येक तुकडा वेगळ्या कागदात गुंडाळावा. एका पोत्यात सगळे भरले तर घरी पोहोचेपर्यंत त्यांची टोके झडलेली असतात.

त्यानंतर मंडळाला कळवावे. आम्ही येऊन पाहतो, नोंद करतो आणि नमुने ओळखून देतो. नमुन्यांवर आम्ही हक्क सांगत नाही.

नमुन्याच्या चिठ्ठीवर काय लिहावे आणि तिचा एवढा आग्रह का?

खनिजाचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, खाण किंवा विहीर, खोली, तारीख आणि नमुना कसा मिळाला एवढे प्रत्येक चिठ्ठीवर असावे. नमुन्याच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूवर पांढऱ्या रंगाचा लहान ठिपका देऊन त्यावर क्रमांक लिहावा आणि तोच क्रमांक वहीत असावा, कारण चिठ्ठ्या हरवतात.

खनिज पुन्हा तपासून ओळखता येते. ठिकाण मात्र एकदा विसरले की कोणत्याही प्रयोगशाळेत परत मिळत नाही. जुन्या युरोपीय संग्रहांतील कितीतरी नमुन्यांवर केवळ "पूना" एवढेच लिहिलेले आहे, आणि तो नमुना पाषाणचा, भोरचा की थेट नाशिककडचा हे आता सांगता येत नाही. व्यापारातही आपली खाण गुप्त राहावी म्हणून "जळगाव" किंवा "नाशिक" असे ढोबळ नाव सांगितले जाते. संशयास्पद ठिकाणापुढे प्रश्नचिन्ह टाकावे. जुनी चिठ्ठी कधीही फेकू नये आणि तिच्यावर खाडाखोड करू नये. अहमदनगरचे अहिल्यानगर किंवा औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले असले, तरी जुनी चिठ्ठी तशीच ठेवून नवी सोबत जोडावी. परदेशात राहणाऱ्या मराठी सदस्यांना आमची विनंती आहे की त्यांनी तेथील संग्रहालयांतील महाराष्ट्राच्या नमुन्यांवरील चिठ्ठ्यांची, परवानगी असल्यास, छायाचित्रे पाठवावीत.

नमुने कसे स्वच्छ करावेत?

साधे पाणी, दात घासण्याचा मऊ ब्रश आणि भरपूर सबुरी यांनी बहुतेक काम होते. माती घट्ट असेल तर नमुना एक-दोन दिवस पाण्यात ठेवावा. आम्लाचा वापर टाळावा. कॅल्साइट आम्लात विरघळतो, ॲपोफिलाइटची चमक जाते आणि काही झिओलाइट आम्लात अक्षरशः चिकट होतात. बाजारात स्वच्छतागृहासाठी मिळणारे आम्ल कोणत्याही नमुन्याला लावू नये.

ओकेनाइटचे पांढरे तंतुमय गोळे कधीही धुवू नयेत, कारण तंतू ओले झाले की एकमेकांना चिकटतात आणि पुन्हा उभे राहत नाहीत. त्यांना बोटही लावू नये. एकदा दबलेली जागा कायमची दबलेली राहते. लोमोंटाइट हवेत आपल्यातील पाणी सोडतो आणि हळूहळू भुगा होतो, हेही लक्षात असावे. झिओलाइटांना उन्हात किंवा चुलीजवळ वाळवू नये.

नमुने कोठे आणि कसे ठेवावेत?

झाकण असलेल्या पेट्यांत, धुळीपासून दूर ठेवावेत. कापूस वापरू नये. त्याचे धागे सुयांसारख्या स्फटिकांत अडकतात आणि काढताना स्फटिक तुटतात. मऊ कागद चालतो. जांभळा क्वार्ट्झ थेट उन्हात ठेवल्यास फिका पडतो.

खनिजे विकत घ्यावीत का? बनावट नमुने कसे ओळखावेत?

विकत घेण्यात गैर काही नाही. उत्तम नमुन्यांपैकी अनेक अखेर अमेरिकेतील टूसॉनसारख्या, १९५५ पासून भरत आलेल्या प्रदर्शनात जातात. त्यांतील काही येथेच राहावेत असे आम्हाला मनापासून वाटते. मात्र ठिकाण आणि पावती यांशिवाय घेऊ नये.

सर्वांत जास्त दिसणारी फसवणूक म्हणजे चिकटवलेले नमुने. पांढऱ्या स्टिल्बाइटवर निळा कॅव्हनसाइट डिंकाने बसवलेला असतो. झुबक्याच्या बुडाशी भिंगातून पाहावे : नैसर्गिक नमुन्यात दोन खनिजांच्या सीमेवर लहान स्फटिक एकमेकांत गुंतलेले दिसतात, चिकटवलेल्यात चकचकीत पारदर्शक कड किंवा दगडाची भुकटी मिसळलेला लेप दिसतो. संशय असल्यास अतिनील दिव्याखाली पाहावे, अनेक प्रकारचे डिंक त्यात उजळतात. भडक गुलाबी, हिरवा किंवा निळा ओकेनाइट रंगवलेला असतो. भडक गुलाबी आणि निळे अकीकही बहुधा रंगवलेले असतात, आणि पिवळा म्हणून विकला जाणारा क्वार्ट्झ पुष्कळदा तापवलेला जांभळा क्वार्ट्झ असतो.

अतिनील दिव्याची संध्याकाळ म्हणजे काय?

हिवाळ्यातील एका बैठकीत खोली पूर्ण अंधारी करून नमुने अतिनील प्रकाशात पाहिले जातात. नाशिक भागातील पॉवेलाइट आखूड लहरींच्या प्रकाशात पिवळसर उजळतो आणि काही कॅल्साइटही चमकतात. दिव्याकडे थेट पाहू नये. संरक्षक चष्मे मंडळ देते.

मला एक जड, काळा दगड मिळाला आहे. तो उल्का आहे का?

बहुधा नाही. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असल्याने तोही चुंबकाकडे थोडा ओढला जातो, त्यामुळे चुंबकाची परीक्षा आपल्या भागात एकटी पुरेशी नाही. दगडात बुडबुड्यांची छिद्रे असतील तर तो बहुधा बेसाल्ट किंवा लोखंड वितळवताना उरलेले लोहकीट असते. पातळ, काळसर, वितळल्यासारखे कवच, छिद्रांचा अभाव आणि आकाराच्या मानाने लक्षणीय वजन ही तिन्ही लक्षणे एकत्र असतील तर दगड घासू किंवा कापू नये आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे. देशात पडलेल्या उल्का सांभाळण्याची जबाबदारी त्या संस्थेकडे आहे.

स्फटिकांमध्ये रोग बरे करण्याची शक्ती असते का?

तसा कोणताही पुरावा नाही. आजारासाठी डॉक्टरांकडे जावे. खनिज बुडवून ठेवलेले पाणी पिऊ नये. काही खनिजांत आरोग्याला घातक धातू असतात.

नमुन्याची किंमत सांगाल का?

नाही. आम्ही नमुना ओळखून देतो, मोल करत नाही.

मुलांना आणता येते का? शाळांसाठी काही उपक्रम आहेत का?

बैठकीला कोणत्याही वयाच्या मुलांचे स्वागत आहे. खाणीच्या सहलीला अठरा वर्षांखालील मुलांना नेले जात नाही. त्यांच्यासाठी नदीकाठच्या आणि टेकडीवरच्या निरीक्षण सहली आहेत, आणि त्यांना पालकांसोबत यावे लागते. शाळांना आम्ही पंधरा-वीस नमुन्यांची पेटी महिनाभरासाठी देतो. मुलांनी नमुने हाताळावेत, काचेवर घासून पाहावेत, तोडलेही तरी चालेल, अशा हिशेबानेच ती पेटी भरलेली असते. काचेच्या कपाटात बंद असलेल्या दगडाकडे मूल दोन मिनिटे पाहते. हातात दिलेल्या दगडाबद्दल ते दिवसभर प्रश्न विचारते.

संग्राहकाच्या पश्चात त्याच्या संग्रहाचे काय करावे?

घरच्यांना यातील काही माहीत नसेल तर संग्रह रद्दीसोबत जातो किंवा बागेतल्या कुंड्यांत पसरला जातो. म्हणून प्रत्येक सदस्याने आपल्या हयातीतच संग्रहाची क्रमांकवार यादी करून तिची एक प्रत मंडळाकडे ठेवावी आणि संग्रह कोणाला द्यायचा हे घरच्यांना लेखी सांगून ठेवावे. महाविद्यालयांचे भूविज्ञान विभाग असे संग्रह अनेकदा स्वीकारतात, पण यादी नसलेला संग्रह त्यांनाही जड होतो. कुटुंबीयांनी आम्हाला कळवल्यास सदस्य घरी येऊन नमुने व चिठ्ठ्या जुळवून देतात. ते येईपर्यंत पेट्या हलवू नयेत, चिठ्ठ्या नमुन्यांपासून वेगळ्या करू नयेत, आणि नोंदवह्या जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यात जाणार नाहीत याची काळजी घ्यावी.